वस्तीचा कल आणि मजल्यावरची माणसे

निवडणूक आली की पहिला प्रश्न कानांवर येतो तो हा : "काय हो, तुमच्याकडे वारं कुणाचं?" 'तुमच्याकडे' म्हणजे तुमच्या पेठेत, तुमच्या वाडीत, तुमच्या चाळीत. जणू काही वस्तीला एकच मन असते आणि ते झुकेल तिकडे सगळी मते जातात! वस्तीचा हा कल घडतो कसा, आणि त्यातला मतपेटीत उतरतो किती, हे पाहायचे तर मुंबईच्या गिरणगावाकडे पाहावे.

लालबाग-परळ भागात एके काळी भोंग्यावर दिवस सुरू होई. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसे, तीच खानावळ, तेच भजनीमंडळ आणि गिरणीच्या दारात तीच युनियन. साहजिकच मत एकट्याने ठरत नसे. ते चाळीच्या गॅलरीत ठरे. १९५७ साली, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, श्रीपाद अमृत डांगे मध्य मुंबईतून लोकसभेवर गेले ते ह्या कामगारांच्या बळावर. जून १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि ऑक्टोबरात पोटनिवडणूक लागली. एका बाजूला त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई, दुसऱ्या बाजूला शिवसेनेचे वामनराव महाडिक. महाडिक निवडून आले, ते अवघ्या १,६७९ मतांनी. लाल बावट्याचा बालेकिल्ला ढासळला, असे आपण सहज म्हणून जातो. पण आकडा जरा नीट पाहा. मत देणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मी माणसे सरोजिनीबाईंच्याच बाजूची होती!

पुढे १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा मोठा संप झाला. १९८४ च्या अखेरीस देशभर काँग्रेसची लाट असताना दक्षिण-मध्य मुंबईने मात्र संपाचे पुढारी दत्ता सामंत यांना निवडून दिले. म्हणजे लोक झेंड्यापेक्षा आपल्या भाकरीकडे पाहून मत देत होते.

आता गिरण्या गेल्या, भोंगे थांबले, चाळींच्या जागी टोलेजंग इमारती आल्या. लालबागचा माणूस डोंबिवलीला, विरारला राहायला गेला. त्याचे नाव मात्र पुष्कळदा जुन्याच यादीत राहिले. नव्या इमारतीत जो आला, त्याचे नाव भलत्याच गावी. मतदानाचा टक्का काढतात तो यादीवरून. तेव्हा टक्का कमी दिसला की सगळा दोष आळसाला देऊ नये. काही दोष यादीचा असतो.

पण काही आळसाचाही असतो, बरं का! नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात शेकडा ६६ च्या सुमारास मतदान झाले, आणि मुंबईतल्या कुलाब्यात शेकडा ४५ सुद्धा नाही. गडचिरोलीत रानवाटा तुडवून लोक केंद्रावर गेले आणि आकडा शेकडा सत्तरीपलीकडे नेला. कुलाब्यात केंद्र जवळ, रस्ता डांबरी, शिवाय कायद्याने पगारी सुट्टी!

"माझ्या एका मताने काय होणार?" असे कोणी म्हणाले, तर त्याला उत्तर मुंबईतच सापडेल. जोगेश्वरी, गोरेगाव, अंधेरी ह्या भागांचा जो वायव्य मुंबई मतदारसंघ, त्याची मोजणी ४ जून २०२४ रोजी झाली. रवींद्र वायकर यांना ४,५२,६४४ मते पडली आणि अमोल कीर्तिकर यांना ४,५२,५९६. फरक फक्त ४८ मतांचा! चाळीच्या एका मजल्यावर एवढी माणसे सहज निघतात. आणि त्याच मतदारसंघात यादीवर नाव असूनही मत न पडलेले सात लाखांहून अधिक होते. मग त्या वस्तीचा कल कोणता होता, हे कोणी छातीठोकपणे सांगावे?

पूर्वी शेजारी दार ठोठावून विचारी, "चला, येता ना?" आजच्या बंद दारांवर ती थाप पडत नाही. ती पुन्हा पडली पाहिजे, मग शेजारी कोणत्याही पक्षाचा का असेना. बिऱ्हाड बदलले असेल तर आठ नंबरचा अर्ज भरून नाव नव्या पत्त्यावर आणता येते. नाव कुठेच नसेल तर सहा नंबरचा अर्ज आहे. पण ही कामे मतदानाच्या सकाळी होत नाहीत, आधीच करावी लागतात.

तेव्हा वारे कुणाचे, ह्याची चर्चा खुशाल करा. पण त्याआधी तुमच्या मजल्यावरच्या किती जणांची नावे यादीत आहेत, तेवढे मोजून पाहा.