स्वतंत्र लेखणीचा जमाखर्च



स्वतंत्र पत्रकारितेची चर्चा बहुधा धैर्याभोवतीच फिरत राहते. धैर्य हवेच, परंतु केवळ धैर्यावर नियतकालिक चालत नाही. त्याला कागद लागतो, टपालखर्च लागतो, आणि संपादकाच्या घरची चूलही पेटावी लागते. म्हणून पहिला प्रश्न असा की, पैसा येतो कोणाकडून?

या दृष्टीने अमेरिकन पत्रकार आय. एफ. स्टोन यांचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. १९५२ च्या अखेरीस त्यांचे दैनिक बंद पडले. मॅकार्थीच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेचा तो काळ. डाव्या विचारांच्या पत्रकाराला दुसरीकडे दार उघडणे कठीण. जानेवारी १९५३ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनहून स्वतःचे चार पानी साप्ताहिक काढले. बंद पडलेल्या पत्रांच्या वर्गणीदारांना पत्रे घातली आणि सुमारे ५,३०० वर्गणीदार मिळविले. वर्गणी सालीना पाच डॉलर. जाहिराती नाहीत. व्यवस्थापन पत्नी एस्थर यांच्याकडे. लेखन, संपादन सारे स्टोन यांचे.

त्यांना ऐकू कमी येई. मंत्र्यांच्या कानगोष्टींवर पोसली जाणारी पत्रकारिता त्यांना साधणारी नव्हती, आणि हे एका अर्थी बरेच झाले. ते सरकारचेच छापील कागद वाचीत : समित्यांपुढील साक्षी, अहवाल, परिशिष्टे. सप्टेंबर १९५७ मध्ये नेवाडात भूमिगत अणुचाचणी झाली. असा स्फोट दोनएकशे मैलांपलीकडे कळत नाही, असे अणुऊर्जा आयोगाने पुढे जाहीर केले. याचा अर्थ, चाचणीबंदीचा करार झाला तरी चोरून चाचण्या होणारच, करार व्यर्थ. स्टोन यांनी मात्र दूरदूरच्या शहरांतून आलेल्या, स्फोटाचे धक्के नोंदले गेल्याच्या बारीक बातम्या जपून ठेवल्या होत्या. १९५८ मध्ये ते भूकंपनोंदी ठेवणाऱ्या सरकारी खात्यात गेले. दोन हजारांहून अधिक मैलांवरच्या अलास्कातही स्फोटाची नोंद झालेली आढळली. आयोगाला आपले विधान दुरुस्त करावे लागले. येथे कोणतेही गुपित फोडलेले नव्हते. दोन सरकारी कागद शेजारी शेजारी ठेवले होते, इतकेच. आपल्या बाजूच्या लेखकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. संतापाला आकड्यांचा आधार नसला की विरोधकाचे काम सोपे होते.

डिसेंबर १९७१ मध्ये स्टोन यांनी पत्र थांबविले, तेव्हा वर्गणीदार सत्तर हजारांच्या घरात होते.

परंतु ज्याचा वाचकच दरिद्री आहे, त्या पत्राने काय करावे? हा प्रश्न महाराष्ट्रात त्याहून बिकट रूपात आला होता. डॉ. आंबेडकरांनी एप्रिल १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' सुरू केले. अंकाचे रकानेच्या रकाने ते विनामोबदला स्वतः लिहून काढीत. १९२८ च्या एका अग्रलेखात त्यांनी पत्राचे ऋण समाजापुढे उघडपणे मांडले. नोव्हेंबर १९२९ मध्ये आर्थिक ओढाताणीत ते बंद पडले. स्टोन यांचा वाचक पाच डॉलर देऊ शकत होता. येथील वाचकाला वर्गणीही जड होती आणि अनेकांना अक्षरओळखही नव्हती.

आज कोणीही, छापखान्याची पायरी न चढता, लिहून प्रसिद्ध करू शकतो. छपाईचा खर्च वाचला, हे खरे. बातमीमागे हिंडण्याचा, कागद मिळविण्याचा, खटला झाल्यास वकील देण्याचा खर्च मात्र वाचलेला नाही. वाचकाला जे फुकट मिळते त्याचे मोल बहुधा जाहिरातदार भरतो, आणि विषयही मग त्याच्या सोयीने ठरू लागतात. तालुक्याच्या गावी एकट्याने लिहिणाऱ्या पत्रकारासाठी पाच घरांनी मिळून एक वर्गणी भरावी, अंक आळीपाळीने वाचावा, आणि ती वर्गणी गोळा करण्याचे काम शाखेच्या कार्यकर्त्याने अंगावर घ्यावे. सभेच्या ठरावापेक्षा हे काम कंटाळवाणे आहे. दारोदार दोनदा, तीनदा जावे लागते.