वसुलीवाला दारात आला तर



‘मॅडम, हप्ता थकला तर पोलीस धरून नेतील का?’ माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या बायका बसायच्या आधी हाच प्रश्न विचारतात. बहुतेकींना तसं फोनवर सांगितलेलं असतं. काहींच्या मोबाईलवर तर अशोकस्तंभ छापलेलं ‘अटक वॉरंट’ही आलेलं असतं. तर पहिल्यांदा हे ऐका: केवळ कर्ज फेडता आलं नाही, हा गुन्हा नाही. तो दिवाणी मामला आहे. दिलेला चेक वटला नाही किंवा खोटी कागदपत्रं देऊन कर्ज उचललं, तर गोष्ट वेगळी. एरवी पैसे हवे असतील तर बँकेनं दिवाणी न्यायालयात जावं, दावा सिद्ध करावा, हुकूमनामा मिळवावा. त्यानंतरही ऐपत असून मुद्दाम बुडवणाऱ्यालाच न्यायालय दिवाणी तुरुंगात पाठवू शकतं, आणि तेही त्याचं म्हणणं ऐकून. बाईला तर पैशाच्या हुकूमनाम्यापायी अटक करताच येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५६ तसं स्पष्ट सांगतं.

हे आपल्याकडे सहज आलेलं नाही. १८७५ च्या मे महिन्यात भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले आणि त्यांनी कर्जाचे रोखे जाळले. तो उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. सरकारला चौकशी करावी लागली, आणि १८७९ च्या कायद्यानं दख्खनच्या शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात टाकणं बंद केलं. दीडशे वर्षं होत आली, तरी वसुलीवाला आजही त्याच तुरुंगाची भीती घालतो. ऐकणाऱ्याला कायदा माहीत नसतो, म्हणून त्याचं चालतं.

दुसरी भीती जप्तीची. ‘भांडीकुंडी उचलून नेऊ’ असं म्हणतात ना? याच संहितेचं कलम ६० कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायला हवं. न्यायालयाच्या जप्तीतसुद्धा अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांना हात लावता येत नाही. धर्माच्या रीतीप्रमाणे बाईनं अंगावेगळे करू नयेत असे दागिने, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र, तेही जप्त होत नाही. कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची औतं, पोटापाण्यासाठी लागणारी जनावरं आणि बियाणं यांनाही हीच सूट आहे. जे न्यायालयाच्या बेलिफाला करता येत नाही, ते मोटारसायकलवरून आलेल्या दोन पोरांना कुठून करता येणार? सोनं तारण ठेवलं असेल किंवा ट्रॅक्टर कर्जावर घेतला असेल, तर त्या वस्तूवर मात्र बँकेचा हक्क असतो. पण तिथंही नोटीस द्यावीच लागते. गुंड लावून गाड्या ओढून नेणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयानं २००७ सालीच चांगलं फटकारलं आहे.

आता फोनविषयी. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलं, की वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचा नाही. बचतगटासारख्या गटातून ज्या ताईंनी मायक्रोफायनान्सचं कर्ज घेतलं आहे, त्यांच्यासाठी वेळ आणखी आखडती आहे: सकाळी ९ ते संध्याकाळी ६. त्यांची वसुली दोघांच्या संमतीनं ठरलेल्या जागी व्हायची. त्या ठिकाणी लागोपाठ दोन वेळा बाई आली नाही, तरच घरी यायचं. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना फोन, व्हॉट्सॲपवर घाणेरडे मेसेज, यातलं काहीही चालत नाही. एजंट नेमला असेल तर बँकेनं त्याचं नाव कर्जदाराला कळवायचं असतं. ‘हे सगळं एजंटनं केलं, आमचा संबंध नाही’ असं बँकेला म्हणता येत नाही. त्याच्या वागण्याची जबाबदारी बँकेवरच राहते.

ॲपवरून झटपट मिळणारं कर्ज हा सगळ्यात ओंगळ प्रकार. ते ॲप फोनमधले नंबर आणि फोटो मागतं, आपणही ‘हो, हो’ करत बोट दाबत जातो, आणि पुढे हप्ता चुकला की मामापासून मुलाच्या शिक्षकापर्यंत सगळ्यांना मेसेज जातात. कर्ज देणाऱ्या ॲपला तुमच्या फोनमधले नंबर, फोटो, कॉलची यादी उघडायलाच मनाई आहे. कुणी फोटोत फेरफार करून धमकावत असेल तर एक रुपयाही भरू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. अशी धमकी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात ‘पैसे घेतलेत ना, मग भरा’ असं ऐकवलं गेलं, तरी लेखी तक्रार देऊन पोच घ्या.

तक्रारीची रीत सोपी आहे. फोन करणाऱ्याचं नाव, नंबर, तारीख, वेळ वहीत लिहा, कॉल रेकॉर्ड करा. आधी बँकेला किंवा फायनान्स कंपनीला लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जा. फी लागत नाही, वकीलही लागत नाही. माहितीसाठी फोन १४४४८. पतसंस्थेचं कर्ज मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही, त्यासाठी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जायचं. आणि पतसंस्थेकडून सहकार कायद्याच्या कलम १०१ ची नोटीस आली तर कृपा करून ती न घेता परत पाठवू नका. हजर राहून म्हणणं मांडा. एकदा वसुलीचा दाखला निघाला की जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते, आणि मग माझ्यासारखीला फार काही करता येत नाही.



कर्ज फेडायचंच आहे. पैसे मागण्याचा बँकेला हक्क आहे, पण कसेही मागण्याचा नाही. अडचण असेल तर हप्ते बदलून द्या असा अर्ज स्वतःहून करा, आणि पैसे भराल तेव्हा पावती घेतल्याशिवाय उठू नका.

शेवटी एक विनंती, ज्यांच्या डोक्यावर कर्ज नाही त्यांना. ‘तुमच्या शेजारच्यांनी आमचे पैसे बुडवले’ असा फोन उद्या तुम्हाला येईल. त्या घराची चर्चा पारावर किंवा नळावर करू नका, कारण वसुलीवाल्याला तेवढंच हवं असतं. नंबर आणि वेळ चिठ्ठीवर लिहा, ती चिठ्ठी त्या घरी नेऊन द्या, आणि तक्रारीत साक्षीदार म्हणून आपलं नाव घालायला सांगा.