न उजाडणाऱ्या खळग्यांकडे

जयपूरचं जंतरमंतर उभारणाऱ्या सवाई जयसिंगांनी पोर्तुगालला माणसं धाडून फ्रेंच खगोलज्ञ ला इर यांची कोष्टकं मागवली. ती आपल्या वेधांशी ताडून पाहिली, तर चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक निघाली. अर्धा अंश म्हणजे आकाशात दिसणाऱ्या चंद्रबिंबाची अख्खी रुंदी! युरोपातून आलं म्हणून राजानं ते डोळे मिटून स्वीकारलं नाही, हे मला फार आवडतं.

पण वेध घ्यायला उजेड हवा. चंद्राच्या ध्रुवांजवळचे काही खळगे असे आहेत, की त्यांच्या तळाशी सूर्य कधी पोचतच नाही. तिथे बर्फ टिकला आहे का, हे शोधायला रडार कामी येतं. तुम्ही हे भाषण ज्या जातीच्या रेडिओलहरींवर ऐकता आहात, त्याच जातीच्या लहरी रडार स्वतः सोडतं आणि परतणारा प्रतिध्वनी टिपतं.

2008 साली निघालेल्या चांद्रयान-1 वर नासाचं 'मिनी-सार' हे छोटं रडार होतं. अशा रडारच्या लहरी पीळ घेत जातात. गुळगुळीत जमिनीवरून त्या उलट्या पिळानं परततात. बर्फातून मात्र बऱ्याचशा त्याच पिळानं येतात. सापडला बर्फ, असं वाटतं ना? थांबा. धोंड्यांनी भरलेली ओबडधोबड जमीनही हेच करते. 2006 मध्ये पृथ्वीवरून रडार रोखणाऱ्या कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांना दक्षिण ध्रुवाजवळ अशी खूण उन्हातल्या उतारांवरही दिसली होती. उन्हात बर्फ कुठून टिकणार?

मग मिनी-सारच्या मंडळींनी खळग्याच्या काठाबाहेर पाहिलं. ताज्या आघातानं धोंडे उडाले असतील, तर ते आत आणि बाहेर दोन्हीकडे पडलेले असणार. उत्तर ध्रुवाजवळच्या 40 हून अधिक लहान खळग्यांत मात्र खूण आतच होती, बाहेर नाही. त्यावरून 2010 मध्ये निदान 60 कोटी टन बर्फाचा अंदाज जाहीर झाला. युक्तिवाद देखणा आहे. पण त्या आकड्यात बर्फ बराचसा शुद्ध आणि दोनेक मीटर जाड असल्याचं गृहीत आहे.

चांद्रयान-2 वरचं रडार अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रानं बनवलं. ते सुमारे 12 आणि 24 सेंटिमीटर अशा दोन लांबींच्या लहरी सोडतं. लांब लहर मातीत अधिक खोल शिरते. त्याच्या नोंदींवरून इस्रोनं 2025 मध्ये दोन्ही ध्रुवांचे नकाशे खुले केले. त्यात 25 मीटरचा तुकडा म्हणजे एक ठिपका. 60 कोटींचा आकडा पक्का मानायला मी अजून तयार नाही; त्यासाठी एखाद्या खळग्यात यंत्र उतरवून खणावंच लागेल.