शोकेसमधलं इंग्रजी



महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आलं. म्हणजे आज इंजिनिअरिंगच्या किंवा बी.कॉम.च्या वर्गात बसणाऱ्या मुलामुलींनी हा विषय बारा वर्षं घेतलेला असतो. तरी कॅम्पस इंटरव्ह्यूची नोटीस लागली की धावाधाव सुरू होते. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’चं उत्तर पाठ होतं, ग्रुप डिस्कशनसाठी चार भारी शब्द जमवले जातात.

घरोघरी शोकेसमध्ये कपबश्यांचा एक चांगला सेट असतो, पाहुण्यांसाठी राखलेला. रोजचा चहा स्टीलच्या पेल्यात. पाहुणे आले की सेट निघतो, आधी धूळ पुसावी लागते, मग ट्रे नेताना हात कापतो, कपाचा कान तुटेल अशी धास्ती. मुलांनी इंग्रजीचं नेमकं हेच केलं आहे. इंटरव्ह्यू हा पाहुणा. पण नोकरी लागली की हा पाहुणा मुक्कामालाच येतो, आणि चहा दिवसातून दहा वेळा लागतो!

चाकणच्या एखाद्या कारखान्यात नवा ट्रेनी शिफ्ट संपताना लॉगबुकात काय लिहितो? ‘मशीन प्रॉब्लेम.’ बस्स. त्यालाच मराठीत विचारा. स्पिंडलमधून आवाज येत होता, कूलंट कमी झालं होतं, सव्वादहाला मशीन बंद केलं, सगळं घडाघडा सांगतो. पुढच्या शिफ्टवाल्याला हेच तर हवं असतं. त्याला भारी शब्द लागत नाहीत, चार सरळ वाक्यं लागतात.

उच्चारांची लाज तर सोडूनच द्यावी. २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणं करणाऱ्या वैमानिकांना इंग्रजीची ठरावीक पातळी गाठावी लागते. तिथेसुद्धा बोलण्यावर मातृभाषेची छाप चालते. ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, एवढी अट.

मुलं एक गोष्ट विसरतात: रोजच्या कामात बोलण्याइतकंच लिहिणं असतं. कम्युनिकेशन स्किल्सचं टर्मवर्क मित्राच्या फाइलवरून उतरवलं तर मार्क पडतात, हात वळत नाही.

तेव्हा प्रॅक्टिकल झालं की त्याच दिवशी काय केलं, काय बिघडलं, हे इंग्रजीत पाच ओळींत लिहावं. चुका होतील, होऊ द्याव्यात. मग ते दुसऱ्या बॅचच्या कुणाला तरी वाचायला द्यावं आणि प्रयोग न बघता त्याला कळलं का, ते विचारावं. जिथे तो अडला, ती ओळ पुन्हा लिहायची.