फोटोवाल्याबरोबरची बैठक



लग्न ठरलं की आपल्याकडे बैठक बसते. मानपान कुणाचा किती, कार्यालयाचं भाडं कुणी द्यायचं, जेवणात जिलेबी की श्रीखंड, वरातीला बँड की ढोलताशा, हे सगळं दोन्हीकडची वडीलधारी माणसं समोरासमोर बसून ठरवतात आणि याद्या होतात. फोटोग्राफरचं मात्र फोनवरच उरकतं. तारीख सांगितली, पॅकेज विचारलं, थोडी घासाघीस केली, आगाऊ पैसे पाठवले की झालं. पुढची भेट थेट हळदीच्या सकाळी. मी बरीच वर्षं लग्नाचे फोटो काढतो आहे. लग्नाचे फोटो कॅमेऱ्यामुळे क्वचित बिघडतात. ते या न झालेल्या बैठकीमुळे बिघडतात, असं माझं ठाम मत आहे.

अंतरपाटाचंच घ्या. मंगलाष्टका चालू आहेत, मामा मुलीच्या पाठीशी उभा आहे, आणि शेवटचं ‘सावधान’ झालं की अंतरपाट दूर होतो. दोघं एकमेकांकडे बघतात ते एवढंसंच. लगेच अक्षता, वाजंत्री, हार, टाळ्या. हा क्षण पुन्हा मागता येत नाही. तो नीट टिपायचा तर फोटोग्राफरला अंतरपाटाच्या रेषेत, बाजूला, थोडं उंचावर उभं राहावं लागतं. तिथूनच दोन्ही चेहरे सापडतात. पण नेमक्या त्याच जागी भाऊ, मित्र, आतेभाऊ हातात मोबाईल घेऊन दाटीवाटीने उभे असतात. त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. दोन्ही घरच्या एकेका माणसाने ‘एवढी जागा मोकळी ठेवा’ म्हणून आधी सांगितलं तर कुणी रागावत नाही. आणि फोटोग्राफरनेही वधूवर आणि मंडपातली माणसं यांच्यामध्ये पाठ करून उभं राहू नये. आशीर्वादाला आलेल्या माणसाला आमच्या पाठीचं दर्शन घडवायचा आम्हाला काही अधिकार नाही.

आता त्यानंतरचं. अक्षता पडल्या की बहुतेकांच्या मनाने लग्न लागलं. पंगती बसतात, आणि फोटोग्राफरला स्टेजवर बोलावणं येतं, कारण आहेर घेऊन पाहुण्यांची रांग लागलेली असते. इकडे होमापाशी कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी हे विधी गुरुजी, दोन्हीकडचे आईवडील आणि चार जवळची माणसं यांच्यातच होतात. हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा आहे. त्याचं सातवं कलम सांगतं की ज्या लग्नात सप्तपदीचा विधी असतो, ते लग्न सातवं पाऊल पडलं की पूर्ण होतं. म्हणजे कायद्याच्या नजरेत लग्न जिथे लागतं, तिथेच आमचा कॅमेरा नसतो! भावाने लाह्या ओंजळीत घातल्या, मग नवऱ्याचा कान पिळला, सगळे हसले, आणि अल्बममध्ये त्याचा एकही फोटो नाही, अशी घरं मी पाहिली आहेत. विवाह नोंदणीच्या वेळी कार्यालयात पत्रिकेबरोबर लग्नविधीचा फोटोही मागतात, तेव्हा शोधाशोध सुरू होते.

यावर उपाय साधा आहे. लग्नाच्या आधी फोटोग्राफरने गुरुजींशी बोलावं. कुठला विधी कुणाकडे कसा आहे, होम कुठे मांडणार, धूर कुठल्या बाजूला जाईल, सप्तपदीच्या वेळी नवरानवरी कुठल्या दिशेने चालतील, हे गुरुजी आनंदाने सांगतात. विचारणारा भेटत नाही एवढंच. आणि घरच्यांनी स्टेजवरची रांग सप्तपदी होईपर्यंत थांबवावी, किंवा दुसरा फोटोग्राफर ठेवावा. मात्र गुरुजींना ‘जरा थांबा, हा हात पुन्हा वर घ्या’ असं म्हणणारा फोटोग्राफर मला मुळीच पसंत नाही. मुहूर्त आणि मंत्र कॅमेऱ्यासाठी थांबत नाहीत, आणि थांबूही नयेत.

सूनमुखाचा फोटो तर फार सुंदर येऊ शकतो. सासू आरशात सुनेचा चेहरा पाहते. पण आरशातलं प्रतिबिंब आरशाच्या काचेवर नसतं, ते काचेच्या मागे तेवढ्याच अंतरावर असतं. काचेवर नेम धरला की चौकट स्पष्ट आणि मुलीचा चेहरा धूसर येतो. मुंडावळ्यांचंही तसंच. लेन्सचं छिद्र फार मोठं उघडलं की पुढचे मोती लख्ख दिसतात आणि मागचे डोळे विरघळतात. माझ्या तरुण सहकाऱ्यांना सांगतो, पार्श्वभूमी धूसर करायच्या नादात माणूस धूसर करू नका.

सगळ्यांची लग्नं होमापुढे होत नाहीत, हे फोटोग्राफरने पक्कं लक्षात ठेवावं. सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह जोतीराव फुल्यांच्या काळात, १८७३ साली झाला. आजही त्या पद्धतीने लग्नं होतात. बौद्ध पद्धतीच्या लग्नात वधूवर बहुधा पांढऱ्या वस्त्रांत असतात, समोर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा असतात, मेणबत्त्या लागतात. इथे कॅमेऱ्याच्या स्वभावाला फसू नये. कॅमेरा समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं मानून मोजतो, त्यामुळे पांढरं जास्त दिसलं की तो प्रकाश कमी करतो, साडी मळकी दिसते आणि चेहरे काळवंडतात. प्रकाश एखादी पायरी मुद्दाम वाढवावा लागतो. आणि नोंदणी पद्धतीच्या लग्नात तर सही हाच विधी. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीन साक्षीदार लागतात; त्या तिघांचे चेहरे, सही करणारे हात, एवढं नीट आलं की तो अल्बम कुठल्याही अल्बमच्या तोडीचा होतो.

कार्यालयातल्या उजेडाबद्दल थोडं. जुन्या मंगल कार्यालयांत ट्यूबलाइट, त्यात सजावटवाल्याचे जांभळे-निळे दिवे, शेजारी मोठा एलईडी पडदा. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण शटरचा वेग फार वाढवला की फोटोत आडवे पट्टे उमटतात. सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास शटर ठेवलं तर ते बहुधा टळतात. जोडप्याने इथे एकच करावं: सजावटवाल्याला सांगावं की मुहूर्ताच्या वेळी आमच्या तोंडावर रंगीत दिवा नको. हळदीचा पिवळा आणि शालूचा हिरवा रंग साध्या पांढऱ्या उजेडातच खरा दिसतो.

रंगावरून आणखी एक, आणि हे मी कळकळीने सांगतो आहे. अल्बम तयार करताना मुलीला गोरं करण्याची पद्धत आमच्या धंद्यात रुजली आहे. काही ठिकाणी घरचेच सांगतात, काही ठिकाणी न विचारताच केलं जातं. सावळ्या मुलीचा चेहरा असा पांढरा करतात की मान आणि हात वेगळ्याच बाईचे वाटतात. मुलगी अल्बम उघडते आणि तिला तिथे स्वतःच सापडत नाही. तिच्या आईचा रंग, आजीचा रंग, ज्या रंगावर हळद चढली तो रंग, तो पुसायचा अधिकार कुणालाही नाही. फोटोग्राफरने हे काम नाकारावं. आणि मुलीने आधीच सांगून ठेवावं की माझा रंग माझाच राहू द्या.

मोठ्या फोटोंच्या गडबडीत काही माणसं निसटतात. ग्रुप फोटोच्या वेळी ‘सुवासिनी पुढे या’ म्हटलं की नवरा गेलेली आई, आत्या, मावशी आपोआप मागे सरकतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, तेव्हा राज्यभर त्याची चर्चा झाली. ठराव होतील तेव्हा होतील, फोटोग्राफरच्या हातात मात्र आजच काहीतरी आहे. त्याने त्या आईला नावाने, मानाने पुढे बोलवावं: ‘काकू, तुम्ही मुलीच्या शेजारी उभ्या राहा.’ फोटोसाठी बोलावलं तर सहसा कुणी हरकत घेत नाही. आजीआजोबांचेही वेगळे, निवांत फोटो काढावेत, त्यांना खुर्ची द्यावी, गर्दीच्या आधी काढावेत. किती घरांत भिंतीवर लावलेला आजोबांचा फोटो नातवाच्या लग्नातल्या फोटोतून कापून घेतलेला असतो, ते तुम्हीच पाहा. यासाठी दोन्ही घरांतला एकेक माणूस फोटोग्राफरबरोबर असावा, ज्याला नात्यागोत्यातले सगळे चेहरे ओळखता येतात. बाहेरून आलेल्या फोटोग्राफरला मुलीची सख्खी मावशी कोण आणि शेजारीण कोण हे कसं कळणार?

आता व्यवहाराचं, थोडक्यात पण स्पष्ट. तुळशीची लग्नं लागली की मुहूर्त सुरू होतात आणि आषाढी एकादशीपासून चातुर्मास लागला की बहुतेक थांबतात. एकेका मुहूर्तावर गावोगाव लग्नं असतात, म्हणून एकच स्टुडिओ त्या दिवशी तीन ठिकाणी माणसं पाठवतो. तुम्ही ज्याचं काम पाहिलं तोच येणार की दुसरा कुणी, हे लिहून घ्या. किती तास, किती माणसं, फोटो किती दिवसांत, अल्बम किती पानांचा, वरात लांबली तर जादा पैसे किती, हेही लिहा. निवडलेले फोटो मिळणार की सगळे, हेही आधीच ठरवा. माझ्या मते फोटोग्राफरला निवडू द्यावं, कारण निवड हेच त्याचं अर्धं काम आहे. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन उडवणार असाल तर २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार त्याची नोंदणी लागते; ती झालेली आहे का, हे विचारा.

हक्कांबद्दल दोन्ही बाजूंचा गैरसमज आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात सतरावं कलम आहे. त्यानुसार मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतला, आणि वेगळा करार केलेला नसेल, तर त्या फोटोच्या प्रताधिकाराचा पहिला मालक फोटो काढून घेणारा असतो. तेव्हा नवरीचा फोटो आपल्या जाहिरातीत किंवा इन्स्टाग्रामवर टाकण्यापूर्वी फोटोग्राफरने विचारलंच पाहिजे. पाठवणीच्या वेळी रडणाऱ्या मुलीचा चेहरा लाखो अनोळखी लोकांनी बघावा की नाही, हे तिने ठरवायचं. जोडप्यानेही फोटो सगळीकडे पाठवताना फोटोग्राफरचं नाव लिहावं, त्याने त्याचं पोट भरतं.

पोटावरून आठवलं. पहाटेपासून उभ्या असलेल्या फोटोग्राफरला आणि त्याच्या मदतनिसाला वेळेवर जेवायला बसवा. पंगत उठल्यावर उरलेलं वाढू नका. आणि ठरलेले पैसे हप्त्यांत ठरल्या दिवशी द्या. ‘अल्बम बघून मग देऊ’ म्हणत कुणाला महिनोन्‌महिने ताटकळत ठेवू नका. फोटोग्राफरने आपल्या बाजूने दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो साठवणारा कॅमेरा वापरावा, आणि त्याच रात्री दोन वेगवेगळ्या डिस्कवर प्रती कराव्यात. जोडप्याने पेनड्राइव्ह कपाटात ठेवून निश्चिंत राहू नये. त्याची दुसरी प्रत दुसऱ्या घरी, माहेरी म्हणा, ठेवावी, आणि निवडक शंभर फोटो तरी चांगल्या कागदावर छापून घ्यावेत.

यंदा ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना एक विनंती. याद्या करायला बसाल, तेव्हा त्या बैठकीला फोटोग्राफरलाही बोलवा. चहाबरोबर अर्धा तास पुरे. फोटोग्राफरला गुरुजींचा फोन नंबर द्या, गुरुजींना फोटोग्राफरचा द्या, आणि सप्तपदीच्या वेळी तो होमापाशीच असेल, स्टेजवर नाही, हे दोन्हीकडच्या माणसांसमोर ठरवून टाका.