अंगठ्याच्या वरची ओळ

कचेरीत दिलेला जबाब असो, प्रतिज्ञापत्र असो की हक्कसोडपत्र, त्याच्या शेवटी, सही-अंगठ्याच्या अगदी वर, बहुधा एक ठरलेली ओळ असते: वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मला समजला व तो बरोबर आहे. शाईच्या पॅडवर डावा अंगठा टेकतो, कागदावर उमटतो आणि त्या ओळीसकट सगळा मजकूर त्या माणसाचा होऊन बसतो. उद्या वाद झाला तर हीच ओळ त्याच्यावर उलटते. माझं आजचं म्हणणं या एका ओळीपुरतं आहे. ती खरी असली पाहिजे आणि ती खरी ठेवण्याची जबाबदारी अंगठा घेणाऱ्या कचेरीची आहे. ज्याला मजकुराची भाषा उमगत नाही, त्याला त्याच्या बोलीत समजावून सांगणारं माणूस तिथेच मिळालं पाहिजे.

आपल्या वाशीम जिल्ह्यात मराठी न समजणारं आहे कोण, असं कुणी विचारील. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे साऱ्या देशातल्या बंजारा समाजाचं श्रद्धास्थान, आणि आसपासच्या तांड्यांमध्ये घरात, भांडणात, लग्नात बोलली जाते ती गोरमाटी. कारंजा, मंगरुळपीरच्या मोहल्ल्यांत उर्दू आहे. ही सगळी माणसं बाजारात वऱ्हाडी सहज बोलतात, हे खरंच आहे. पण तुरीचा भाव करायची मराठी वेगळी आणि कागदावरची वेगळी. 'भोगवटादार वर्ग 2' हे तीन शब्द सातबाऱ्यावर असतील तर ती जमीन परवानगीवाचून विकता येत नाही. हे त्या शब्दांवरून किती जणांना कळेल? मराठी घरात जन्मलेल्यालाही 'सदरहू', 'हितसंबंधित', 'फेरफार' यांचा अर्थ विचारावा लागतो; मग तांड्याबाहेर फारशी न पडलेल्या म्हातारीचं काय? त्यात आणखी एक अडचण आहे. जनगणनेत लमाणी म्हणजे गोरमाटी ही हिंदीच्या खात्यात मोजली जाते. 2011 मध्ये देशभरात तिचे 32 लाखांहून अधिक भाषक नोंदले गेले, ते सगळे हिंदीच्या बेरजेत गेले. त्यामुळे टेबलापलीकडचा माणूस दोन वाक्यं हिंदीत बोलला की समजावणं झालं, असं धरून चालतात.

आज हे समजावण्याचं काम होत नाही असं नाही. ते होतं, पण ज्याच्या हातून होऊ नये त्याच्या हातून. कधी शाळा बुडवून आलेली नात दुभाषी होते, आणि आजीच्या दुखण्याची किंवा घरातल्या वादाची गोष्ट तिच्या तोंडून साहेबांपर्यंत जाते. कधी आवारातला दलाल होतो. तो समजावण्याचे पैसे घेतो आणि भीतीही घालतो. सगळ्यांत वाईट प्रकार हक्कसोडपत्राचा. बहीण वडिलांच्या जमिनीतला वाटा सोडते आहे, आणि कागदात काय आहे ते तिला सांगतो तो भाऊ, ज्याच्या नावावर ती जमीन जाणार. भाऊ प्रामाणिक असेलही. पण ज्याचा लाभ त्यानेच अर्थ सांगायचा, ही रीतच चुकीची आहे. माझ्या मते दुभाषा हवा तो या एका कारणासाठी तरी हवाच.

कायद्याला ही गोष्ट नवी नाही. न्यायालयात आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला समजेल अशा भाषेत सांगावी लागते. राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 प्रमाणे गाऱ्हाण्याचं निवेदन राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतं. माहिती अधिकार कायदा 2005 मध्ये झाला, त्याच्या कलम 6 मध्ये, लिहिता न येणाऱ्याचा तोंडी अर्ज लिहून काढायला जन माहिती अधिकाऱ्याने मदत करावी, असं स्पष्ट आहे. म्हणजे दुभाष्याची मागणी ही मेहेरबानीची याचना नाही. जे न्यायालयात चालतं ते खिडकीवर का चालू नये, एवढाच प्रश्न आहे.

यावर मनापासून घेतला जाणारा आक्षेप मराठीचा आहे. फार झगडून मराठी राजभाषा झाली. आता प्रत्येक बोलीला दार उघडलं तर तिचं काय राहील? ही काळजी मी हलकी मानत नाही. पण शेजारच्या अकोला जिल्ह्यात पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दू असावी की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल 2025 मध्ये न्यायालयाने निकाल दिला की 2022 च्या राज्य कायद्याने मराठी अनिवार्य आहे, पण तिच्या जोडीला दुसरी भाषा वापरायला मनाई नाही. दुभाष्याने तर फलकही बदलत नाही. नोंद मराठीतच राहते, फक्त ती समजते. बेळगावातला मराठी माणूस सरकारी कागद मराठीत मिळावेत म्हणून वर्षानुवर्षं भांडतो, तेव्हा आपण त्याच्या बाजूने उभे राहतो आणि योग्यच करतो. तोच न्याय मानोऱ्यातल्या तांड्याला लावायला नको का? आणि वाशीमला तर याची जुनी सवय आहे. हे गाव म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. चौथ्या शतकातल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट इथे सापडला. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे, पण दान दिलेलं गाव, त्याच्या सवलती, असा कामाचा भाग प्राकृतात आहे. मानासाठी एक भाषा, कामासाठी लोकांच्या जवळची दुसरी, हे त्या दरबाराला सुचलं होतं.

खर्चाचं म्हणाल, तर त्यासाठी नवी पदं लागत नाहीत. न्यूयॉर्क शहराने 2017 मध्ये कायदा करून महत्त्वाची कागदपत्रं दहा भाषांत आणि इतर कितीतरी भाषांत फोनवर दुभाषी द्यायचं ठरवलं. त्या दहांत उर्दू आहे, बंगाली आहे. एवढा पसारा आपल्याला नको. जिल्ह्यात तालुके सहा. कचेऱ्यांमधल्या शिपायांत, लिपिकांत, ग्रामसेवकांत गोरमाटी बोलणारे आणि उर्दू जाणणारे आहेतच. त्यांची यादी करावी, त्यांना थोडं प्रशिक्षण आणि थोडा भत्ता द्यावा, नावं खिडकीशेजारी लावावीत. माणूस त्या कचेरीत नसेल तर फोन जोडून द्यावा. गोरमाटीला स्वतःची लिपी नाही ही सबब इथे लागूच होत नाही, कारण हे काम तोंडी आहे. मूकबधिरांसाठी खुणांच्या भाषेचा जाणकार ठरलेल्या दिवशी बोलावता येईल. अर्जावर एक रकाना वाढवावा: कोणत्या भाषेत समजावून हवं? आणि अंगठ्याच्या वरच्या ओळीत दोन गोष्टींसाठी जागा सोडावी, कोणत्या भाषेत समजावलं आणि कुणी समजावलं. त्याखाली समजावणाऱ्याची सही. तोवर ज्यांना गरज आहे त्यांनी साध्या कागदावर तसा अर्ज करावा, आवक नंबर घालून पोच घ्यावी आणि समजेपर्यंत अंगठा देऊ नये.