आहेर : दिलेला आणि मागितलेला



आहेर ही मुळात लग्नघराला मदत. वहीत नाव आणि रक्कम नोंदवायची, त्यांच्या कार्याला परतफेड करायची. शंभरावर एक रुपया वाढवायचा, तो नाते पुढे चालावे म्हणून. पुढे पत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ आली. पाहुणा मोकळा झाला. आता रोख मागणारी ओळ येऊ पाहते आहे. इंदिरानगरच्या सदनिकेत सहावे घड्याळ अडगळच, हे मान्य. परंतु १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानेही मागणीविना दिलेल्या भेटींनाच, तीही लेखी यादीच्या अटीवर, मुभा दिली आहे. मागणी पाहुण्यांकडे असली, तरी तत्त्व तेच. रक्कम सुचविताच बेताच्या मिळकतीचा आप्त घरीच थांबतो. अक्षता टाकायला आलेला हात रिकामा कधीच नसतो.